मॅचला कधीच न आलेली माणसं

पुण्यात राहणाऱ्याला वेंकीज हे नाव अंडी आणि चिकनमुळे माहीत असतं. याच उद्योगसमूहाच्या मालकीचा इंग्लंडमध्ये एक फुटबॉल क्लब आहे, हे फुटबॉलवेड्यांना ठाऊक असतं. घरातल्या बाकीच्यांना सांगितलं तर ते आधी हसतात. क्लबचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स. नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना तो पुण्याच्या मालकीचा झाला. त्या मोसमात इवुड पार्क या त्यांच्या मैदानावर दर सामन्याला सरासरी २५ हजारांच्या आसपास प्रेक्षक येत. सात वर्षांनी हा आकडा १२-१३ हजारांवर आला होता.

निम्मी माणसं गेली कुठे? हा प्रश्न मला लांबचा वाटत नाही. पुण्यात कॅम्पातल्या ज्या छोट्या क्लबमध्ये मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत लेफ्ट बॅक खेळलो, त्याच्या मॅचला आज टचलाइनवर बोटांवर मोजण्याइतकी माणसं उभी असतात. कारण विचारलं की जी उत्तरं मिळतात तीच ब्लॅकबर्नमध्येही मिळतात. वरचे लोक चुकीचे आहेत, टीम हरते, पोरं मोबाइलमध्ये आहेत. तिन्ही उत्तरं खोटी नाहीत. पण तिन्ही उत्तरं जे सोडून गेले त्यांच्याबद्दलची आहेत. जे कधी आलेच नाहीत, त्यांचं नाव कुणी घेत नाही. मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, आणि त्यासाठी आधी ब्लॅकबर्नला जावं लागेल.

ब्लॅकबर्न हे मोठं शहर नाही. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या साताऱ्याएवढं. उत्तर इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं हे कापड गिरण्यांचं गाव. त्याला लागूनच डार्वेन आहे, जिथे १९३१ मध्ये परदेशी कापडावरच्या बहिष्काराची झळ बसलेल्या गिरणी कामगारांना भेटायला गांधीजी स्वतः गेले होते. अशा गावाचा क्लब १८७५ मध्ये सुरू झाला आणि १८८८ मध्ये जी १२ मंडळी एकत्र येऊन फुटबॉल लीग सुरू करती झाली, त्यात हा होता. १९९५ मध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली. पैसा होता गावातल्याच एका पोलाद व्यापाऱ्याचा, जॅक वॉकरचा. तो लहानपणापासून या क्लबचा चाहता होता. २००० मध्ये तो वारला आणि दहा वर्षांनी क्लब विकला गेला.

पुढचं वर्तमानपत्रांत सगळं आलेलं आहे. नव्या मालकांनी महिन्याभरात अनुभवी मॅनेजर काढला. खेळाडूंना चिकन खाताना दाखवणारी जाहिरात आली. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली आणि त्याच रात्री क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. पुढच्या मोसमात मॅनेजर एकामागून एक बदलले. एकाला तर ५७ दिवसांत निरोप मिळाला. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या स्तरावर घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या एखाद्या क्लबवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. मालक गावात फिरकेनासे झाले. चाहत्यांनी सीझन तिकिटं परत केली आणि काहींनी मालक जाईपर्यंत मैदानात पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेतली.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. मालकांनी दर वर्षी तोटा भरला, पैसा ओतत राहिले, आणि तो ओतला नसता तर क्लब कदाचित बंदच पडला असता. शिवाय २५ हजारांच्या आकड्यात मोठ्या क्लबांबरोबर येणारे पाहुणे चाहतेही होते. लिव्हरपूल आलं की त्यांचे हजारो येतात, तिसऱ्या स्तरावरच्या एखाद्या टीमबरोबर काहीशे. तेव्हा निम्मी गळती पूर्णपणे रागाची नव्हे. तरीही ब्लॅकबर्नच्या म्हाताऱ्या चाहत्यांचं दुःख खरं आहे. पन्नास वर्षं ज्या खुर्चीवर बसलो ती सोडावी लागणं, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं नाव माहीत नसलं तरी त्याच्या बायकोच्या ऑपरेशनची चौकशी करण्याची सवय मोडणं, हे काही लहान नुकसान नाही.

आता दुसरा आकडा. २०२१ च्या जनगणनेत ब्लॅकबर्न विथ डार्वेन या प्रशासकीय विभागात ३५ टक्के लोकांनी आपला धर्म इस्लाम असा नोंदवला. दर तीन माणसांत एकाहून जास्त. यातले बरेचसे आपल्या शेजारचेच: गुजरातच्या भरूच आणि सुरत भागातून १९६० च्या दशकात गेलेली कुटुंबं, आणि पाकिस्तानी पंजाबातली. गिरण्यांमध्ये गोरे कामगार रात्रपाळी करायला तयार नव्हते, ती यांनी केली. गिरण्या बंद पडल्या, माणसं राहिली. त्यांची वस्ती इवुड पार्कपासून काही फार लांब नाही.

पण इवुड पार्कच्या स्टँडमध्ये ही माणसं दिसत नसत. १९९५ मध्ये गाव आनंदाने वेडं झालं तेव्हाही नाही. म्हणजे ज्या काळाला आज सगळे 'भरलेलं स्टेडियम' म्हणून आठवतात, त्या काळातही गावाच्या मोठ्या हिश्शापुरतं ते स्टेडियम रिकामंच होतं. खुर्च्यांवर माणसं बसलेली असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं, इतकंच.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा आहे. आमच्याकडे एखादं अॅप वापरणारे कमी झाले की लगेच आलेख निघतो: किती जण कोणत्या स्क्रीनवरून बाहेर पडले, कितव्या दिवशी पडले. हा आलेख उपयोगी असतो, पण त्याला एक जन्मजात आंधळेपणा आहे. ज्याने अॅप कधी उघडलंच नाही तो त्यात येत नाही. सोडून जाणाऱ्याची नोंद होते, कारण तो एकदा आत होता. दारातच न आलेल्याची नोंद कुठेच नसते. क्लबांचंही नेमकं असंच होतं. सभेत बसून लोक म्हणतात, जुने दिवस परत आणू. जुन्या दिवसांत कोण नव्हतं, हे विचारायला त्या सभेत कुणी नसतं, कारण जो नव्हता तो सभेतही नसतो.

ब्लॅकबर्नचे मुसलमान का आले नाहीत, याचं एक उत्तर भीतीचं आहे. १९७६ मध्ये या गावाच्या कौन्सिलवर नॅशनल पार्टी या उघड वंशवादी पक्षाचे दोन उमेदवार निवडून आले होते. इंग्लिश फुटबॉलच्या स्टँडमधलं तेव्हाचं वातावरण सगळ्या जगाला माहीत आहे. काळ्या खेळाडूंवर केळी फेकली जात. अशा शनिवारी दुपारी मैदानाच्या रस्त्याने जायचं नाही, हा त्या पिढीच्या बापांनी मुलांना दिलेला सल्ला होता, आणि तो शहाणपणाचा होता.

दुसरं उत्तर कामाच्या वेळांचं आहे आणि त्याकडे कमी लक्ष जातं. मॅच शनिवारी तीन वाजता. दुकानदाराची आणि टॅक्सीवाल्याची कमाईची वेळ तीच. मधल्या वारी संध्याकाळची मॅच असेल तर मुलं शाळेनंतर मदरशात. मैदानात खायला मिळतं ते हलाल नाही, पिण्याचा कार्यक्रम बिअरचा, असरची वेळ झाली तर कुठे उभं राहायचं हे माहीत नाही. यातली एकही गोष्ट कुणी मुसलमानांना हाकलण्यासाठी केलेली नव्हती. कुणी काही केलेलंच नव्हतं. आणि इंग्लंडात क्लब बापाकडून मुलाकडे जातो. आजोबा घेऊन गेले म्हणून बाप जातो, बाप घेऊन गेला म्हणून मुलगा. ज्या घरात आजोबा रात्रपाळी करून शनिवारी दुपारी झोपलेले असत, त्या घरात ही साखळी सुरूच झाली नाही.

तिसरं उत्तर आपल्याच घरातलं आहे. "फुटबॉल से क्या मिलेगा?" हे वाक्य ब्लॅकबर्नमध्ये गुजरातीत बोललं गेलं असेल, आपल्याकडे दखनीत आणि मराठीत बोललं जातं, अर्थ एकच. पोरगा डॉक्टर व्हावा, फार्मासिस्ट व्हावा. मैदान म्हणजे वेळेची नासाडी. हे म्हणणाऱ्या आईबापांना मी हसणार नाही, परक्या देशात पोराला उभं करायचं होतं त्यांना. पण त्याचा परिणाम असा झाला की मुलं फुटबॉल पाहायला लागली ती टीव्हीवर, आणि टीव्हीवर दिसतो तो मँचेस्टर, लिव्हरपूल. दोन मैलांवरचा क्लब परका आणि चाळीस मैलांवरचा आपला.

मग २ मे २०२२ ला, रमजान ईदच्या सकाळी, इवुड पार्कच्या गवतावर ईदची नमाज झाली. इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमधल्या कुठल्याही क्लबच्या मैदानात हे पहिल्यांदाच घडत होतं. पुरुष, बाया, लहान मुलं, सगळे. फोटो तुम्हीही पाहिले असतील, आपल्या बहुतेक ग्रुपांवर ते फिरले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये चेल्सीने आपल्या मैदानात सामुदायिक इफ्तार ठेवली.

या फोटोंवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया ऐकल्या. एक, डोळे भरून आले. दोन, हा सगळा दिखावा आहे, तिकिटं विकायची आहेत. मला दुसऱ्या म्हणण्यातला उपहास पटत नाही. तिकिटं विकायची आहेत हे खरं असेल तर चांगलंच आहे! क्लबने मला तिकीट विकायची इच्छा धरणं म्हणजे मला प्रेक्षक मानणं. पन्नास वर्षं ती इच्छाही नव्हती. पण पहिल्या प्रतिक्रियेशीही मी पूर्ण सहमत नाही. ईदची नमाज हा पाहुणचार आहे. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवतात आणि तो संध्याकाळी घरी जातो. नोव्हेंबरातल्या पावसात, टीम दोन गोलने मागे असताना, आठशे रुपयांचा चहा-पाय घेऊन कुडकुडत उभा राहणारा माणूस हा पाहुणा नसतो. तो घरचा. पाहुण्यापासून घरच्यापर्यंतचा रस्ता एका सकाळीत होत नाही. त्यासाठी हलाल खाण्याचा स्टॉल प्रत्येक मॅचला लागतो, नमाजची खोली कायमची लागते, शेजारी बसलेल्या गोऱ्या म्हाताऱ्याने ऑफसाइड समजावून सांगायला लागतो. आणि क्लबच्या ऑफिसात, निर्णय होतात त्या टेबलावर, त्या वस्तीतलं कुणी तरी लागतं.

ब्लॅकबर्नपासून जेमतेम आठ किलोमीटरवर अॅक्रिंग्टन आहे. याहून कितीतरी लहान गाव. त्यांचा क्लब अॅक्रिंग्टन स्टॅन्ली १९६२ मध्ये कर्जापायी लीगमधून बाहेर पडला, पुढे बंद झाला, १९६८ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २००६ मध्ये लीगमध्ये परतला. या क्लबने एक साधी गोष्ट केली: आसपासच्या प्राथमिक शाळांतल्या एका इयत्तेच्या मुलांना क्लबची जर्सी फुकट द्यायला सुरुवात केली. यातली पुष्कळ मुलं पाकिस्तानी घरांतली आहेत. जर्सी मिळालेला प्रत्येक मुलगा मॅचला जाईल असं नाही. पण आता ज्या मुलाचे आजोबा कधी मैदानात गेले नाहीत त्याच्याही कपाटात आपल्या गावाचा शर्ट आहे. साखळीची पहिली कडी आजोबांऐवजी शाळेतून घातली, असं मी त्याकडे बघतो.

वीस-पंचवीस किलोमीटरवर बरी हे आणखी एक गाव. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांच्या घोळामुळे त्याला लीगमधून काढून टाकण्यात आलं. मैदानाला कुलूप लागलं. चाहत्यांत दोन तट पडले, एकाने नवा क्लब काढला, दुसरा जुन्या मैदानासाठी झगडत राहिला. २०२२ मध्ये एकत्र येण्याचा ठराव मतदानात फसला, २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यानंतर बरी नवव्या स्तरावर खेळू लागली. नववा स्तर म्हणजे जिथे समोरच्या टीमचा गोलकीपर सोमवारी प्लंबिंग करतो. त्या सामन्यांना तीन हजारांहून जास्त माणसं येऊ लागली. तिसऱ्या-चौथ्या स्तरावर खेळताना यायची त्याच्या आसपासच. टीम वर गेली की माणसं येतात, हे आपल्याला नेहमी सांगितलं जातं. बरीत टीम तळाला होती. माणसं आली, कारण क्लब आता त्यांनी स्वतः भांडून, वर्गणी काढून, मत देऊन परत मिळवलेला होता.

आता आपल्याकडे. पुण्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत मोठ्या पैशाचे क्लब आले आणि गेले. २००७ मध्ये पुणे एफसी सुरू झाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि दोन-अडीच वर्षांत त्याने सीनियर टीम गुंडाळली. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी आला, २०१९ मध्ये संपला, त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीच्या स्टेडियममध्ये चांगले खेळाडू पाहायला मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण क्लब गेला त्या दिवशी कुठल्या पेठेत कोण रडलं? बरीत लोकांनी भांडून क्लब परत आणला. आपल्याकडे परत मागायला कुणी गेलंच नाही, कारण तो कुणाचा नव्हता.

मोहल्ल्यातल्या क्लबचं तसं नाही. आमच्या क्लबचं नाव देत नाही, कारण हे एकट्या त्याचं नाही. कॅम्प, भवानी पेठ, खडकी, घोरपडी, मिरज, मालेगाव, भिवंडी, तुम्ही जिथे असाल तिथे असा एक क्लब असेल. पोरांच्या जर्सीवर शेजारच्या बेकरीचं किंवा मेडिकलचं नाव. एक चाचा, जे कोच, मॅनेजर आणि फर्स्ट-एड सगळं आहेत. खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी सध्या माझ्याकडे आहे, इंजिनिअर असल्याची ही शिक्षा. त्यामुळे पत्ते दिसतात. पूर्वी सगळी टीम तीन गल्ल्यांत मावायची. आता अर्ध्याहून जास्त पत्ते कोंढव्याचे आहेत. कॅम्पातली दोन खोल्यांची घरं लहान पडली, भावाभावांत वाटणी झाली, लोक कोंढव्यात फ्लॅट घेऊन गेले. मैदान इकडे, माणसं तिकडे. लीगची मॅच आठवड्याच्या मधल्या दुपारी असली तर नोकरी करणारा येणार कसा? गर्दी कमी होण्याचं हे कारण कुणाच्या बिघडलेल्या नियतीत नाही, नकाशात आहे.

यावर क्लबांत होणारी चर्चा जुन्यांना परत आणण्याची असते. माजी खेळाडूंची मॅच ठेवा, बिर्याणी ठेवा, व्हॉट्सअॅप ग्रुप काढा. ठेवा, जरूर. पण ब्लॅकबर्नवाला प्रश्न इथे विचारायचा असेल तर तो असा होईल: या मैदानावर आजवर कोण आलंच नाही?

आपल्यापैकी ज्यांनी इवुड पार्कची नमाज शेअर केली, त्यांना वाटलं, बघा, त्यांनी आपल्याला बोलावलं. छान वाटतं बोलावलेलं. मग आपल्या हातात जी मैदानाची चावी आहे, तिचं काय? मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलांत काम करणारी बिहारची, आसामची पोरं दुपारी दोन तास मोकळी असतात. त्यांतली कित्येक उत्तम खेळतात. त्यांना आपण रस्त्यावर पास देताना पाहतो आणि पुढे जातो. मराठवाड्यातून शिकायला आलेली, कॉट बेसिसवर राहणारी मुलं रविवारी काय करतात? नाल्यापलीकडच्या वस्तीतली, आपल्या धर्माची नसलेली मुलं आपल्या क्लबमध्ये का नाहीत? कुणी त्यांना मनाई केलेली नाही. ब्लॅकबर्नमध्येही कुणी मनाई केलेली नव्हती.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. "सगळ्यांना घेतलं तर क्लब आपला कसा राहील? आपल्या पोरांना दुसरीकडे कोण घेतं?" या भीतीला इतिहास आहे. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली तेव्हा देशभरच्या मुसलमानांना त्यात आपली मान वर झालेली दिसली. हैदराबाद, बंगळूर, क्वेट्ट्यापर्यंतचे खेळाडू त्यात होते. अशा क्लबची गरज खरी होती. पण त्याच मोहमेडनने २०२४ मध्ये आय-लीग जिंकली तेव्हा संघात मिझोरामची ख्रिस्ती पोरं गोल करत होती आणि स्टँडमधले चाचा त्यांच्या नावाने घसा कोरडा करत होते. क्लबचं नाव बदललं नाही, झेंडा बदलला नाही. क्लब त्यांचाच राहिला.

कोल्हापूर जवळचं उदाहरण आहे. तिथे पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या टीमना शाहू स्टेडियमवर आजही हजारोंची गर्दी असते. तिथे टीम पेठेची असते, आणि पेठेत राहतो तो तिचा. मुसलमान पोरगा गोल मारतो तेव्हा त्याला खांद्यावर घेणारे त्याचं आडनाव विचारत नाहीत. कोल्हापूरचं फुटबॉल गोड आहे असं मी म्हणत नाही. तिथे हाणामाऱ्या होतात, दगड उडतात, पोलीस बंदोबस्तात मॅच होतात. आणि जून २०२३ मध्ये मोबाइल स्टेटसवरून त्याच शहरात काय झालं तेही आपण पाहिलं. फुटबॉलने ते थांबवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागावं अशी एक तरी जागा शहरात असणं आणि नसणं यात फरक आहे. पुण्यात, मुंबईत, आपल्या इमारतींपासून त्यांच्या इमारतींपर्यंत अशा जागा झपाट्याने कमी होत आहेत. घर मिळत नाही, शाळा वेगळ्या, आता सोसायट्या वेगळ्या. एक मैदान आपल्या ताब्यात आहे, दुपारी तीन ते पाच.

आणि अर्थात बाया. ज्या घरात बहीण-भाऊ रात्री एक वाजता सोफ्यावर बसून लिव्हरपूलची मॅच बघतात, बहिणीला सालाहचे आकडे भावापेक्षा जास्त पाठ असतात, त्याच घरातली ती बहीण चार गल्ल्या सोडून होणारी भावाची मॅच बघायला आलेली नसते. आई तर नाहीच. मोहल्ल्याची निम्मी लोकसंख्या आपण मोजणीत धरलेलीच नाही आणि गर्दी कमी झाली म्हणून हळहळतो आहोत. मुलींची टीम काढणं ही पुढची गोष्ट, ती करायलाच हवी. त्याआधी फक्त बघायला येण्यासाठी काय लागतं? सावलीतल्या दहा-बारा खुर्च्या. जवळच्या एखाद्या घराचं किंवा शाळेचं टॉयलेट वापरायची सोय. मॅच कधी आहे याचा मेसेज फक्त पोरांच्या ग्रुपवर न टाकता घरच्यांच्या ग्रुपवर टाकणं. इवुड पार्कला नमाजच्या खोलीसाठी जितका विचार करावा लागला असेल त्याच्या शंभराव्या हिश्शाचंही हे काम नाही.

आमच्या क्लबच्या बैठकीत हा खुर्च्यांचा विषय निघाला. परवानगीबद्दल, मौलानांबद्दल कुणी काही बोलेल असं वाटलं होतं, कुणी बोललं नाही. पैशांचाही प्रश्न नव्हता, मंडपवाला ओळखीचा आहे. एका ज्येष्ठ चाचांनी मात्र बराच वेळ विचार करून हरकत घेतली: बायाबापड्या बसल्या तर पोरांना आणि रेफ्रीला मोकळेपणी शिव्या देता येणार नाहीत, आणि शिव्या नसतील तर मॅचमध्ये मजा काय? त्यावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी असं ठरलं की पहिल्या मॅचला खुर्च्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी ठेवायच्या, आणि चाचा समोरच्या बाजूला उभे राहतील.